सुट्टी कुणाकडं मागायची?



गेल्या दोन अंकांत साधकांच्या प्रश्नांचं सदर आलं नाही, म्हणून बऱ्याच जणांनी विचारणा केली. कारण सांगायला संकोच वाटतो, पण सांगतो. माघ महिन्यात आमच्याकडं एक प्रश्न आला. आम्ही अर्ध्या तासात त्याचं उत्तर दिलं, आणि तेव्हापासून आम्ही चौघं, म्हणजे हा अंक जुळवणारे, त्या आमच्याच उत्तराशी भांडतोय.

ज्यांची गोष्ट आहे त्या दोघांना विचारूनच लिहितोय. नावं देत नाही. सुरंगीतली मंडळी चार ओळींत ओळखतील. त्यांनी ओळखावं आणि गप्प बसावं, ही विनंती.

तर एका गुरुवारी रात्री नामस्मरण आटोपल्यावर ग्रुपवर दादांचा मेसेज आला. पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी लग्नाला पंचवीस वर्षं होतायत. हिची इच्छा आहे की दोन दिवस मुंबईला जाऊन यावं, दोघांनीच. रविवारचा सत्संग बुडेल, आणि आईचंही आहेच. अशा वेळी साधकानं काय करावं, मार्गदर्शन व्हावं.

‘आईचंही आहेच.’ एवढ्याशा वाक्यात काय काय होतं, ते आधी सांगायला हवं. तीन वर्षांपूर्वी आजी मोरीत घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण त्या पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत. दर दोन तासांनी त्यांना कुशीवर वळवावं लागतं, नाहीतर पाठीला जखमा होतात. दिवसाही आणि रात्रीही. दादा इथल्याच एका कंपनीत पाळीवर जातात, मुलगी शिकायला पुण्याला आहे. म्हणजे वळवणारे हात कुणाचे ते सांगायला नको.

मेसेज पडल्यावर अर्ध्या तासात अकरा उत्तरं आली. सुख बाहेर नसतं, आत शोधावं. मुंबईत गर्दीशिवाय काय आहे? मातृसेवा हीच यात्रा. पंचवीस वर्षं संसार झाला, आता परमार्थाकडं वळा. आम्हीही मागं राहिलो नाही. संपादक म्हणून चार ओळी लिहिल्या, की लग्नाचा वाढदिवस ही देहाची तारीख आहे, साधकानं अशा तारखांत अडकू नये, फिरण्यानं मन आणखी बहिर्मुख होतं. त्यावर हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. (हे लिहिणाऱ्यांपैकी एक जण दिवाळीत सहकुटुंब केरळला जाऊन आलेला होता. तो कोण, हे आम्ही चौघांना माहीत आहे.)

दादांनी एका शब्दात उत्तर दिलं: ‘आज्ञा.’

मुंबईत काय आहे, हा प्रश्न आपण सेलवासकरांनी तरी विचारू नये, असं आता वाटतं. दर शनिवारी सकाळी मुंबईच्या गाड्या खानवेलकडं जाताना आपण पाहतो. ती माणसं दुधनीला बोटीत बसतात, मधुबन धरणाच्या पाण्याकडं बघत राहतात, रविवारी संध्याकाळी परत जातात. त्यांना कुणी विचारत नाही की सुरंगी-खानवेलमध्ये झाडांशिवाय काय आहे. जे रोज दिसतं ते डोळ्यांना दिसेनासं होतं, एवढंच त्यामागचं कारण असतं. रोज शेजारी असणाऱ्या माणसाचंही तसंच होतं. दादांनी आम्हाला नंतर सांगितलं की गेल्या तीन वर्षांत घरात त्यांची आणि वहिनींची जी बोलणी झाली ती गोळ्या, पाण्याची बाटली, चादर आणि गॅसचा नंबर यांचीच. भांडण नाही, काही नाही. फक्त दुसरा विषयच नाही.

त्या रात्री अकरा वाजता आमच्यातल्या एका ताईंचा मेसेज आला. दोनच ओळी. ‘वहिनींना कुणी विचारलं का?’ आणि खाली, ‘आजींपाशी मी बसते. अजून एक जण पाहिजे.’

ग्रुपवर शांतता झाली. एकही हात जोडलेला नाही.

इंग्लंडमध्ये बर्नार्ड विल्यम्स नावाचे तत्त्वज्ञ होऊन गेले (१९२९–२००३). आमच्यातल्या निवृत्त गुरुजींनी त्यांचा एक मुद्दा आम्हाला सांगितला. दोन माणसं बुडतायत, एकालाच वाचवता येईल, आणि त्यातली एक आपली बायको आहे. आता वाचवणारा जर मनाशी म्हणू लागला की ही माझी पत्नी आहे, आणि अशा प्रसंगी पत्नीला आधी वाचवणं नीतीला धरून आहे, तर विल्यम्स म्हणतात, या माणसानं एक विचार जास्तीचा केला. बायको बुडतेय एवढं पुरेसं होतं. आम्हाला हे ऐकून पटलं, आणि जरा टोचलंही. दादांचा मेसेज म्हणजे तोच जास्तीचा विचार होता का? बायको पंचवीस वर्षांत पहिल्यांदा काही मागतेय, आणि नवरा अडीचशे जणांच्या ग्रुपला विचारतोय की हे साधनेत बसतं का.

पण गुरुजींनीच पुढं अडवलं. म्हणाले, बुडणाऱ्याच्या गोष्टीत पलंगावर झोपलेली आई नसते. इथं विचार करणं भागच होतं. मग चूक कुठं झाली? आमचं उत्तर असं की विचार जास्तीचा नव्हता, पत्ता चुकला होता. दादांना अडचण होती ती दोन दिवस आईला कोण वळवणार, ही. ती त्यांनी मागितली नाही, मागायची लाज वाटली. त्याऐवजी त्यांनी वैराग्याचा प्रश्न विचारला, कारण तो आपल्याकडं विचारता येतो. आणि आम्ही वैराग्याचं उत्तर दिलं, कारण त्याला काही खर्च येत नाही. हात हलवावा लागत नाही. दुसऱ्याला वैराग्य सांगणं ही जगातली सगळ्यात स्वस्त सेवा असावी.

असो. दुसऱ्या एक ताई तयार झाल्या. शुक्रवारी त्या दोघी वहिनींकडं गेल्या, आजींना कसं वळवायचं, कुठली उशी कुठं लावायची, गोळ्या कधी द्यायच्या, सगळं शिकून आल्या. शनिवारी पहाटे दादा-वहिनी वापीला गेले आणि सकाळच्या फ्लाइंग राणीत बसले. २०२३पर्यंत या गाडीला दुमजली डबे होते. वहिनींना वरच्या मजल्यावर बसायचं होतं, लग्नानंतर सेलवासला येताना त्या तशा बसल्या होत्या. ते डबे आता नाहीत, हे त्यांना फलाटावर कळलं.

बेत असा होता: शनिवारी दादरला शिवाजी मंदिरात नाटक, रात्री तिथंच जवळ एका साध्या लॉजवर मुक्काम, रविवारी सकाळी गेटवेवरून लाँचनं घारापुरी, संध्याकाळच्या गाडीनं परत. नाटकाची तिकिटं दादांनी आधीच काढून ठेवली होती. दुपारी जेवून लॉजवर आल्यावर वहिनी म्हणाल्या, पाच मिनिटं पडते. आणि झोपल्या. साडेतीन वाजता झोपल्या त्या रात्री साडेनऊला उठल्या. मध्ये नाटक सुरू झालं आणि बहुतेक संपलंही. दादा खुर्चीत बसून होते. दोनदा उठवायला वाकले, म्हणाले, आणि दोनदा मागं झाले. तीन वर्षांत ती सलग सहा तास झोपलेली त्यांनी पाहिली नव्हती. तिकिटं वाया गेली. मग रात्री दोघं शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर जाऊन बसले आणि पावभाजी खाऊन परत आले. लग्नाचा पंचविसावा वाढदिवस तो हाच.

कुणी म्हणेल, झोपायलाच जायचं होतं तर मुंबई कशाला? आम्ही हेच विचारलं. वहिनी म्हणाल्या, ‘घरी झोपले तरी कान जागा असतो ना.’

रविवारी घारापुरी. लाँच तासाभरात बेटावर पोचवते, पुढं शंभराच्या वर पायऱ्या. पोर्तुगीजांनी तिथं दगडी हत्ती पाहिला आणि बेटाला एलिफंटा म्हटलं. तो हत्ती आता भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. (याच पोर्तुगीजांकडं आपली नगर हवेली १७८३ साली गेली आणि १९५४मध्ये सुटली. त्यांना हत्ती दिसला, शंकर दिसला नाही. मूर्तींची मोडतोड मात्र तिथं बरीच झालेली आहे.) गुंफा साधारण सहाव्या शतकातली. लोक मधल्या प्रचंड सदाशिवासमोर उभे राहून फोटो काढतात आणि परततात. या दोघांकडं वेळ होता, म्हणून ते भिंतीभिंतीनं फिरले.

आत शिरताना एका बाजूला योगी शिव आहे, ध्यानात बसलेला. दादा तिथं थांबले. साहजिक आहे, आपल्यातला कुणीही तिथंच थांबला असता. वहिनी पुढं गेल्या. त्यांना सापडला तो लग्नाचा प्रसंग. पार्वती मान खाली घालून उभी आहे, शंकरानं तिचा हात धरलाय. ती त्याच्या उजव्या हाताला उभी आहे, कारण लग्न अजून लागायचंय. मग सदाशिवाच्या शेजारी अर्धनारीश्वर, जिथं दोघांचं एकच शरीर झालंय. आणि पूर्वेकडं आणखी एक प्रसंग आहे, बराच झिजलेला. कैलासावर दोघं सारीपाट खेळतायत, आणि जाणकार सांगतात की पार्वतीनं तोंड फिरवलंय, ती रुसलीय.

वहिनींचं निरीक्षण आम्हाला फार आवडलं, म्हणून त्यांच्याच शब्दांत देतो. ‘मी यांना म्हटलं, तुम्ही एकाच शंकरापाशी उभे राहिलात. तो पलीकडं लग्न पण करतोय, बायकोशी खेळतोय पण, तिला रुसवतोय पण. आणि हे सगळं एकाच देवळात चाललंय. कुणी म्हटलं नाही की हा प्रसंग बाहेर काढा.’

हे ऐकल्यावर आमच्या डोक्यात याज्ञवल्क्य-मैत्रेयीचा संवाद घोळायला लागला. बृहदारण्यक उपनिषदातला हा भाग आपण सत्संगात अनेकदा ऐकलाय. ऋषी घर सोडून निघालेत, जे आहे त्याची दोन्ही बायकांत वाटणी करून द्यायची आहे. मैत्रेयी विचारते, या धनानं मी अमर होईन का? मग ते तिला समोर बसवून आत्म्याविषयी सांगतात. पती किंवा पत्नी प्रिय वाटते ती आत्म्यासाठी, हे सांगतात. आपण या संवादातून नेहमी एवढंच उचलतो की नाती खरी नव्हेत. पण जरा बसल्या जागेकडं बघा. जग सोडायला निघालेला माणूस सोडण्याआधी बायकोला जवळ बसवतो आणि तिच्या प्रश्नाला पुरतं उत्तर देतो. गॅसच्या नंबराबद्दल नव्हे. तेवढा वेळ त्या घरात होता, म्हणून ते उपनिषद झालं.

आणि दुसरी बायको, कात्यायनी? तिच्याबद्दल इतकंच येतं की तिला बायकी व्यवहाराचं ज्ञान होतं. तिच्याशी बोलणं झाल्याचं कुठं लिहिलेलं नाही. हा संवाद चालला होता तेव्हा चुलीपाशी कोण होतं, याचा विचार आम्ही इतकी वर्षं केला नव्हता. वहिनी आमच्या सत्संगात फार दिसत नाहीत, असं आम्हीच मागं एकदा म्हणालो होतो. दादा मात्र नियमित येतात. ते कसे काय येऊ शकतात, हे आता कळतंय.

आता घरचं सांगतो. ते जास्त अवघड आहे.

शनिवारी दिवसभर आजी नीट होत्या. संध्याकाळी ताटाला हात लावेनात. ‘भूक नाय मला. तुम्ही जेवा.’ भात कालवून दिला, नको. दूध, नको. गोळी रिकाम्या पोटी द्यायची नव्हती. ताई घाबरल्या. आम्हाला फोन आला, आम्हीही तिथं जाऊन बसलो. प्रश्न एकच होता: वहिनींना कळवायचं की नाही? एक जण म्हणाला, कळवलं तर त्या उद्या पहाटेची पहिली गाडी पकडतील, पंचवीस वर्षांतला एक दिवस तोही मोडेल. दुसऱ्या म्हणाल्या, नाही कळवलं आणि काही झालं तर? बराच खल झाला. शेवटी आम्ही कळवलं नाही. वहिनींचा रात्री दहा वाजता फोन आला, झोपेतून उठल्या उठल्या, तेव्हा आम्ही ‘सगळं छान आहे’ म्हणालो.

मंडळी, आपण सत्यव्रताबद्दल अनेक अंक काढलेत. ते खोटं आम्ही चौघांनी मिळून बोललो, आणि त्या क्षणी आम्हाला ते पुण्याचं वाटत होतं.

साडेदहाच्या सुमारास आजींनी स्वतःहून अर्धी भाकरी आणि दूध घेतलं. मग बोलायला लागल्या. त्या संगमेश्वरकडच्या. नवरा लालबागला गिरणीत, त्या गावी. तो शिमग्याला येई, गणपतीला येई. बाकी वर्षभर पत्र आणि मनीऑर्डर. जानेवारी १९८२मध्ये गिरण्यांचा संप झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, तो संप शेवटपर्यंत रीतसर मागं घेतला गेलाच नाही. आजोबा काही वर्षं इकडं तिकडं करून सेलवासच्या सूत कंपनीत लागले आणि मग पहिल्यांदा बायको-मुलाला जवळ आणलं. आपल्याकडच्या कितीतरी मराठी घरांची हीच गोष्ट आहे. आजी म्हणाल्या, ‘आमचं लग्न झालं तेव्हापासून मोजले तर एका घरात राहिलो ती वर्षं थोडीच. मुंबई मी पाहिलीच नाय. ह्यांनी तिथं वर्षं काढली, पण ती कशी आहे ते मला ठावं नाय.’

ताईंनी विचारलं, मग सून गेली म्हणून राग आला का? आजी म्हणाल्या, ‘राग कशाला? पण मला कुणी इचारलं नाय. सांगितलं. इचारलं नाय.’

म्हणजे दादांनी आमची परवानगी मागितली, ताईंनी वहिनींची बाजू घेतली, आम्ही सगळ्यांनी नियोजन केलं, आणि ज्या पलंगावरून हे सगळं सुरू झालं तिथं कुणी दोन मिनिटं टेकून विचारलं नव्हतं. न जेवणं हे त्यांचं मत होतं. दुसरं द्यायला त्यांच्याकडं काय होतं?

रविवारी रात्री दोघं परत आले. आम्ही सगळं खरं सांगून टाकलं. आम्हाला वाटलं होतं, वहिनी म्हणतील, बरं केलंत कळवलं नाहीत. वहिनी चिडल्या. आजींवर नाही, आमच्यावर. म्हणाल्या, ‘यायचं की राहायचं हे मी ठरवलं असतं. कदाचित नुसता फोनवर आवाज ऐकून त्या जेवल्या असत्या.’ आमच्यातल्या एकानं हळूच म्हटलं, दादांनी तुम्हाला नाटकाला उठवलं नाही, त्याचा राग नाही आला? त्या म्हणाल्या, ‘नाटक माझं एकटीचं होतं. बुडालं तर माझं बुडालं. आईंचं जेवण माझं एकटीचं नव्हतं.’

याला आमच्याकडं उत्तर नाही. आमच्यातल्या दोघांना अजूनही वाटतं की त्या रात्री न कळवणंच बरोबर होतं. सहा तासांची झोप झाली होती, पण घारापुरी झाली नसती, आणि लग्न अजून लागायचंय म्हणून उजवीकडं उभी राहिलेली ती पार्वती वहिनींनी पाहिली नसती. बाकीच्या दोघांना वाटतं की माणसाला सुट्टी द्यायची आणि त्याच्या वतीनं निर्णय आपण घ्यायचे, ही सुट्टी नव्हे, त्याला लहान मूल करणं झालं. चर्चा चालू आहे. साधकांनी आपलं मत जरूर कळवावं, पण कृपया ‘सुख आत असतं’ एवढंच लिहून पाठवू नये.

एक चांगलं झालं. ताईंनी त्यानंतर एक वही घातलीय. कुणाच्या घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, त्याला कसं वळवायचं, काय खातं, कुठल्या गोष्टीला रुसतं, आणि त्या घरातल्या बाईला रात्री फोन करायचा की नाही. शेवटचा रकाना वहिनींनी सांगून घालून घेतलाय, आणि तो त्या त्या बाईनं स्वतः भरायचा आहे. पहिला रकाना मात्र अंथरुणावरच्या माणसाला विचारून भरायचा. आत्तापर्यंत सुरंगीतली तीन घरं झाली. त्यातल्या एका घरच्या काकूंनी फक्त एवढंच मागितलं की गुरुवारी संध्याकाळी दोन तास कुणीतरी बसा, मला न पळता बाजारात जायचंय.

परवा आम्ही आजींना भेटायला गेलो होतो. भिंतीवर अर्धनारीश्वराचा फोटो लावलाय, दादांनी काढलेला, थोडा हललेला. आजींनी वहिनींना विचारलं, ‘लालबागला गेलेलात का? ह्यांच्या गिरणीची चिमणी हाय का अजून?’ वहिनी म्हणाल्या, वेळच झाला नाही. दादा म्हणाले, पावसाळ्याआधी पुन्हा जाऊन बघून येऊ, फोटो आणू. आजी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘जावा. पण ह्या खेपेला त्या भात कालवणाऱ्या बाईला नका बोलावू. मीठच घालीत नाय ती.’

तर चैत्रात एका शनिवार-रविवारी दोन जणी हव्या आहेत, त्यातली एक रात्री मुक्कामाला. स्वयंपाक येणारी असल्यास बरं. नावं ताईंकडं द्यावीत.